तुझं दार सोडून

शालू, तुला कोणती साडी नेसवायची, हे ठरवायचं माझ्यावर आलं.

येणारच होतं. आपल्या बिल्डिंगीत कुणाचं बारसं असो की कुणाला पोचवायचं असो, पहिली हाक मला मारतात, कारण माझ्याकडे यादी तयार असते. तुला हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा मी तुझ्याच ओट्यापाशी उभी राहून पाठकोऱ्या कागदावर लिहीत होते. बांबू, सुतळी, मडकं, तुळस. तुझ्या दिराला गावी तार. तुझ्या नीताच्या पोटात चहाबिस्किट तरी. पुढे लिहिलं, साडी. आणि पेन्सिल थांबली. सवाष्ण गेली तर हिरवी साडी, मळवट, ओटी. विधवा गेली तर यातलं काही नाही. तू यातली कोण, हे मला माहीत नव्हतं. तुझा नवरा जिवंत आहे की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं.

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी कागदाकडे बघत होते. दर संक्रांतीला मी ज्या प्रश्नाला वळसा घालून पुढे जात होते, तो आता खोलीच्या मधोमध चटईवर निजवलेला होता आणि तिथून वळसा घालायला जागा नव्हती.

संपाचं दुसरं वर्ष होतं, आठवतं? गिरणी पुन्हा सुरू होईल ही आशा वसंतभाऊजींनी सोडली होती. सुरतेला पॉवरलूमवर कामं आहेत असं कुणीतरी सांगितलं आणि ते निघाले. जाताना आमचा होल्डॉल मागून नेला. "गणपतीला येतो तेव्हा आणून देतो, वहिनी," म्हणाले. सुरतेहून दोन कार्डं आली, नंतर काही नाही. गणपती आले, गेले. मग तुमच्या गावचा एकजण सांगत आला की सुरतेजवळ रुळांवर एक माणूस सापडला होता, अंगात चौकड्यांचा शर्ट होता, वसंताचा होता तसाच. तोंड पाहिलंस का, विचारलं तर म्हणाला, मी कुठला पाहतोय, ऐकलं. दिवाळीनंतर दुसरा आला. त्याला भाऊजी वापीच्या बाजारात दिसले होते, बरोबर एक बाई होती. जवळून पाहिलंस का? नाही, लांबून.

तपासाचं काम मी अंगावर घेतलं. अर्ज मी लिहिले, आणि तुझ्या घरी दिवसा कुणी नसायचं म्हणून उत्तराला माझ्या शाळेच्या ऑफिसचा पत्ता दिला. हेडक्लार्कच्या टेबलावर आलेला कागद हरवत नाही, असं तुला अभिमानानं सांगितलंही. आपण दोघी सुरतेला जाऊन आलो. चौकीत हवालदारानं बेवारशी मयतांचे फोटो पुढे ठेवले. तू एकेक फोटो हातात घेऊन, खिडकीकडे धरून बघितलास. मला एकाच्या पुढे बघवेना. बाहेर आल्यावर तू मिठाईच्या दुकानात नीतासाठी घारी घेतलीस. मी बघतच राहिले, तर म्हणालीस, "पोरीकडे रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

त्यानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मी नेहमीसारखी करंडा घेऊन निघाले. वरच्या मजल्यापासून सुरुवात, प्रत्येक दाराशी कुंकू लावायचं, उद्या संध्याकाळी यायचं हं, म्हणायचं, की पुढचं दार. आपल्या मजल्यावर आले. तुझं दार उघडं होतं, तू आत तांदूळ निवडत होतीस. मी तुझं दार सोडून जिना उतरले.

रागानं नाही, शालू. विचार करून. तू सवाष्ण आहेस असं मला ठाम म्हणता येत नव्हतं, नाहीस असंही म्हणता येत नव्हतं, आणि जिथे खात्री नाही तिथे पाऊल टाकू नये असं मला वाटत होतं. शिवाय तळमजल्यावरच्या आक्का. बिल्डिंगीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस, सोवळ्याओवळ्याच्या कडक. त्यांच्या सुनेला त्या वर्षी दिवस गेले होते, आधीचं मूल राहिलं नव्हतं. काही वेडंवाकडं झालं असतं तर बोट तुझ्याकडे गेलं असतं. म्हणजे मी तुला वाचवलं, असाही हिशेब मी मांडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गेल्यावर मी तुझ्याकडे तिळगूळ आणि वाण घेऊन आले. त्या वर्षी चहाची गाळणी लुटली होती. करंडा घरीच ठेवला होता. तू गाळणी उजेडात धरून बघितलीस.

"काय गो कुमुद," म्हणालीस, "गाळणी दिलंस नि माका गाळलंस?"

आणि हसलीस. मीही हसले, आणि तुझं ते हसणं माफी म्हणून घरी घेऊन आले.

तू माफ केलं नव्हतंस, ते शनिवारी मासळी बाजारात कळलं. मी बांगड्याचे कल्ले उघडून बघत होते. तू मागून म्हणालीस, "काल आक्कांकडे आरतीला गेलेले. त्यांनी काही मला हाकललं नाही."

"आरती वेगळी, हळदीकुंकू वेगळं."

"कसं?"

"शालू, भाऊजी गेले असं मी म्हणते का? मी काहीच म्हणत नाही. नक्की कळेपर्यंत थांबायचं, एवढंच."

"मग कळेपर्यंत मी कोण?"

मी दुसरा बांगडा उचलला. तू तो माझ्या हातातून काढून परत पाटीत ठेवलास.

"नीट ऐक. ते रुळावर मेले असतील तर माझ्यासाठी नि नीतासाठी राबायला गेलेले मेले. मग मी विधवा, मला बोलवायचं नाही. आणि वापीला दुसरी घेऊन बसले असतील, तर मी सवाष्ण. मग माझी ओटी भरायची. झकास आहे हां तुझं शास्त्र."

"शास्त्र माझं नाही."

"करंडा तर तुझाच होता ना?"

कोळीण आपल्याकडे आळीपाळीनं बघत होती. "बाय, घेवाचा त घे," म्हणाली. "तुजा नवरा गावंस्तवर माजा म्हावरा नासंल."

तू इतकी हसलीस की तुला पाटीच्या कडेला टेकावं लागलं. "चार दे गो," म्हणालीस, "कापून दे." मला हसू आलं नाही. चारचौघांत आपलं काढलं, याचा राग आला होता. वाटेत सारा वेळ मी पुढे चालत होते.

पण तुझ्यासारखी भांडायला दुसरी कुणी नव्हती, हे आता कळतं. बाकीच्या माझं ऐकायच्या तरी, नाहीतर पाठीमागे बोलायच्या. तू तोंडावर बोलायचीस आणि नंतर कढी पाठवायचीस. पुढच्या वर्षी तुला गप्प करायचं म्हणून मी मुद्दा शोधून काढला. तू तेव्हा औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली होतीस. मी विचारलं, "गोळ्यांची पट्टी जरा संशयाची वाटली तर काय करतेस?"

"बाजूला टाकते."

"खराबच आहे अशी खात्री नसताना?"

"खात्री नसते म्हणून तर टाकते."

"मग मी वेगळं काय करते?"

तू गॅलरीच्या कठड्यावर हात टेकून मिठागरांकडे बघत राहिलीस. मला वाटलं, जिंकले. मग सावकाश म्हणालीस, "पट्टीला कळत नाही गो, आपल्याला बाजूला टाकलं ते. ती समोरच्या घरात बसून तुमचं हसणं ऐकत नाही."

"तू फार मनाला लावून घेतेस."

"बरं. मला बोलावलंस, कुंकू लावलंस, आणि उद्या बातमी आली ते गेल्याची. काय होईल? पुसू. कुंकू पुसता येतं. पण न लावलेलं मागल्या वर्षीचं कुठून लावशील?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

आणि तू स्वतः कशी वागत होतीस? तुझ्या सासूनं निरोप धाडला होता की गावी ये, दर्भाची प्रतिमा करून दहन करू, एकदाचं सुटेल. तू कळवलंस, मेला हे माहीत नसलेल्या माणसाला मी जाळणार नाही. सासू वर्षभर बोलली नाही. मी तुला रेशन कार्डावरचं भाऊजींचं नाव कमी करायला सांगितलं. तू म्हणालीस, मेले असं कसं लिहून देऊ, मला कुठे माहीत आहे? मी म्हटलं, बरं, नाव ठेव, पण मग त्यांच्या वाटची साखर तरी उचल. तर म्हणालीस, आहेत असं तरी कसं सांगू? दुकानदाराला तू खुळी वाटायचीस. मलाही वाटायचीस. दिवाळीलासुद्धा तुझ्या घरात दोन माणसांचीच साखर आली.

शालू, मी हे आता कितीदा उलटसुलट करून बघितलं. आपल्या दोघींना माहिती सारखीच होती. म्हणजे काहीच नव्हती. दोघीही म्हणत होतो, माहीत नाही तर खोटं वागायचं नाही. पण तुझ्या माहीत नसण्याचा भार तू स्वतः उचलत होतीस. साखर तुझी जायची, सासू तुझ्यावर रुसायची. माझ्या माहीत नसण्याचा भारही तूच उचलत होतीस. मला त्यात एक पायरीसुद्धा जास्त चढावी लागली नाही. आपल्याला खात्री नसली की सावध राहावं, हे खरंच. पण कुणाच्या जिवावर, हे मी विचारलंच नाही.

ही झाली एक लाज. आठ दिवसांपूर्वी हे लिहिलं असतं तर इथेच संपलं असतं.

एका उन्हाळ्यात गच्चीवर आपण कुरडया घालत होतो. तू सोऱ्या दाबायचं थांबलीस आणि विचारलंस, "कुमुद, तुला काही कळलंय का गो?"

"कशाचं?"

"ह्यांचं. सुरतेहून काही आलं का तुझ्या ऑफिसात?"

कावळा कुरडयांवर टपला होता, मी पदर घेऊन त्याच्यामागे होते. "कळलं असतं तर सांगितलं नसतं का? काहीतरी विचारतेस."

"बरं," म्हणालीस तू. आणि जरा वेळानं, "सांगशील हां, जमेल तेव्हा."

मी हे ऐकलं आणि कावळ्याला हाकललं.

त्यानंतर तू भांडली नाहीस. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुसरी पाळी मागून घ्यायला लागलीस, म्हणजे मी करंडा घेऊन निघायचे तेव्हा तुझ्या दाराला कुलूप असायचं. उघड्या दारावरून पुढे जायचं मला उरलंच नाही. शालू शहाणी झाली, समजून घेतलं तिनं, असं मी घरी ह्यांना म्हटलंसुद्धा. माझ्याशी तू मऊ वागायला लागलीस. माझा गुडघा धरला तेव्हा रोज संध्याकाळी येऊन तेल चोळायचीस. कधी कधी माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस. मी म्हणायचे, काय गं? तू म्हणायचीस, काय नाय.

आणि आता ही कावीळ. चार दिवसांत तू ओळखू येईनाशी झालीस. शेवटच्या दिवशी दुपारी नीता औषध आणायला खाली गेली होती. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "कुमुद, आता सांगितलंस तरी चालेल."

मला वाटलं, रक्ताचा रिपोर्ट विचारतेस. मी म्हटलं, "उतरतेय कावीळ. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही." तू माझ्याकडे बघितलंस, आणि मनगट सोडलंस. सोडताना थोपटलंस. आजारी तू, आणि थोपटलंस मला.

तर मी तुझ्या ओट्यापाशी पेन्सिल घेऊन उभी होते. तेवढ्यात आक्का आत आल्या. काठी भिंतीला टेकवली, तुझ्या पायाशी बसल्या. मी मनात वाक्य जुळवत होते, आक्का, खात्री नाही, तेव्हा साधीच नेसवू. त्याच आधी बोलल्या.

"हिरवी काढ गं कुमुद. मळवट भर तिचा. नवरा गेल्याची बातमी नाही तोवर बाई सवाष्णच. आमच्याकडे अशीच रीत. हळदीकुंकवालाही बोलवायला हवी होती."

मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला चालणार नाही म्हणून तर..."

"मला? मला कधी विचारलंस तू?" त्यांनी नाकाला पदर लावला. "सुरतेची पत्रं तुझ्याकडे यायची. तू हिचं दार सोडून पुढे गेलीस तेव्हा मी सुनेला म्हटलं, कुमुदला नक्की काहीतरी कळलेलं असणार. उगाच नाही सोडणार ती."

भिंतीशी बायका बसल्या होत्या. एकीनंही नाही म्हटलं नाही. सगळ्यांना तेच वाटत होतं.

मी तुला हिरवी साडी नेसवली. माझ्याच करंड्यातलं कुंकू तुझ्या कपाळभर लावलं. भाऊजींबद्दल माझ्याकडे आदल्या दिवशीपेक्षा कणभरही जास्त माहिती नव्हती, पण हात अडला नाही. मग इतकी वर्षं काय अडत होतं? मी सहा संक्रांती राखून ठेवलेलं कुंकू, तुला आरसा बघता येत नव्हता तेव्हा लावलं.

मी समजत होते की दार सोडून जाणं म्हणजे काही न बोलणं. लोकांना ती बातमी वाटली. आणि ती मी, हेडक्लार्क कुमुद, जिच्याकडचा कागद हरवत नाही, तिनं घरोघर पोचवलेली, म्हणून खरी वाटली. ज्या गोष्टीची मला खात्री नव्हती म्हणून मी गप्प राहिले, तिची खात्री मीच साऱ्या बिल्डिंगीला दिली.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मी निघाले. बोलावणं करताना जाते तशीच, वरच्या मजल्यापासून. करंडा नव्हता. प्रत्येक दाराशी एकच वाक्य सांगितलं, शालूच्या नवऱ्याचं मला काहीही कळलं नव्हतं. कुणी चहा विचारला. कुणी म्हणालं, आता काय त्याचं, गेली बिचारी. वरच्या मजल्यावरची एकजण दार लोटता लोटता म्हणाली, "मग तसं सांगायचं होतं ना तेव्हाच." आक्कांनी नुसती मान हलवली. ते सगळ्यात जड गेलं.

या वेळी तुझं दार सोडलं नाही. सर्वांत शेवटी ठेवलं होतं, तेवढी भीती होती. नीता शिलाई मशीनवर बसली होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि वाक्य म्हटलं.

ती मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिली. अगदी तुझ्यासारखी.

"काहीच नाही, मावशी?"

"काहीच नाही. तपास चालू आहे, एवढंच सांगणारी दोन पत्रं आली होती. दोन्ही मी तुझ्या आईला वाचून दाखवली."

"पण आई तर म्हणायची..." तिनं सुईतला दोरा उगाच तोडला. "आई म्हणायची, कुमुदला कळलंय. तिला सांगवत नाही. आपणही विचारायचं नाही, तिच्या जिवाला लागतं. जमेल तेव्हा सांगेल म्हणायची."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. नीतानं पाणी आणून दिलं. ती मला समजावत होती, की मावशी, आईचा तुमच्यावर राग नव्हता, उलट तिला तुमची काळजी वाटायची, एवढं मनात ठेवून ही बाई जेवते कशी, म्हणायची. पोरीला वाटत होतं, हे ऐकून मला बरं वाटेल.

म्हणजे तू भांडायची थांबलीस ती हरलीस म्हणून नाही. माझ्यावर दया म्हणून. कुलूप लावून गेलीस ती मला अवघड वाटू नये म्हणून. माझ्या गुडघ्याला तेल चोळत माझ्या तोंडाकडे बघायचीस ती बातमी शोधत. पत्रं माझ्याकडे येत होती, बाकीचं मी गाळलं असेल, असं तुला वाटलं. का नाही वाटणार? गाळायची सवय तुला मीच दाखवली होती. गच्चीवर तू सरळ विचारलंस तेव्हा कावळा सोडून एकदा तुझ्याकडे वळून बोलले असते तर पुरलं असतं. शेवटच्या दुपारी विचारलंस तेव्हा मी रिपोर्ट सांगितला. तू मनगट थोपटलंस. आता समजतं, शेवटपर्यंत सांगवलं नाही बिचारीला, असं वाटलं असणार तुला.

वसंतभाऊजी उद्या होल्डॉल खांद्यावर टाकून आले, तर त्यांना काय सांगायचं, हेही मी ठरवलेलं नाही. ते वापीला असतील, रुळांवर गेले असतील, काय ते असेल. तुझ्या कार्डावरचं त्यांचं नाव नीतानं तसंच ठेवलं आहे. काल ती साखर आणायला निघाली तेव्हा मी बरोबर गेले. तिनं एका माणसाची घेतली. मी काही सुचवलं नाही.

जी गोष्ट साऱ्या दारांना सांगितली, ती तुला सांगायची राहिली, म्हणून हे लिहिलं. शालू, मला काहीही कळलं नव्हतं. अजूनही नाही.